कावळ्याला विसार

खूप वर्षांपूर्वी, पाखरं माणसांशी बोलत आणि माणसं त्यांचं ऐकूनही घेत, तेव्हाची ही गोष्ट.

नदीकाठच्या एका गावात एक म्हातारी एकटीच राहायची. मूलबाळ नव्हतं. आपल्यामागे कुणाला तोशीस नको, म्हणून तिने आपल्या अंत्यविधीची तयारी स्वतःच करायला घेतली. लाकडं आणून पडवीत रचली. विणकराकडून पांढरं कापड फाडून घेतलं. खांदा देणाऱ्या चौघांना पायली पायली ज्वारी आगाऊ देऊन टाकली.

कुंभाराकडे तर ती एकेक मडकं टिचकी मारून बघत बसली.

"आजी, हे तर फोडायचंच आहे. वाजवून काय बघतेस?"

"पैसे मोजलेत रे मी. फुटलं तरी खणखणीत फुटायला हवं!"

सगळं झालं. म्हातारी निवांत आडवी झाली आणि एकदम दचकून उठली. दहाव्याचा कावळा! तो पिंडाला शिवलाच नाही तर? हिचा जीव कशात तरी अडकलाय म्हणतील, आणि सगळी माणसं उन्हात ताटकळतील.

दहीभाताची वाटी घेऊन ती तडक वडाखाली गेली.

"कावळेबुवा, हा तुमचा विसार. माझ्या दहाव्याला वेळेवर या."

कावळ्याने मान तिरकी केली. "भात ठेव. पण आधी सांग, तुझी इच्छा कोणती राहिलीय?"

"काही नाही."

"खोटं असेल तर मी शिवणार नाही हं."

म्हातारी गडबडली. "भिंतीपलीकडे माझी धाकटी जाऊ राहते. बारा वर्षं आम्ही बोलत नाही. माझ्या पुरणपोळीला ती चामडं म्हणाली होती. तिने एकदा बोलावं माझ्याशी, एवढंच."

"दहाव्याला लोक मला काय काय कबूल करतात!" कावळा म्हणाला. "गाय देऊ, देऊळ बांधू. सगळे आपले अंदाजाने बोलतात. ज्याला खरं ठाऊक, तो सांगायला नसतो. तू तर अजून चालतीबोलती आहेस की!"

मरणाला म्हातारी भ्याली नव्हती. पण जावेच्या दारापासून ती दोनदा परत फिरली, तिसऱ्यांदा कुठे कडी वाजवली.

दार उघडलं. जाऊने कमरेवर हात ठेवले. मग म्हणाली, "काय हो जाऊबाई, लाकडं रचलीत म्हणे. मला न सांगताच निघालात?"

"पोळी खायला ये, म्हणून सांगायला आले."

"चामड्याची?"

"तुला दात तरी कुठे राहिलेत? कशाची का असेना!"

दोघी हसत सुटल्या. चितेची लाकडं त्याच आठवड्यात पुरणाच्या चुलीत गेली. पुन्हा आणली, तीही गेली.

म्हातारी आणखी नऊ वर्षं जगली. मग एक दिवस शांतपणे गेली. दहाव्याला पिंड ठेवणारा हात मागे घेतो न घेतो, तोच कावळा शिवला. कुणाला काहीएक कबूल करावं लागलं नाही. जाऊ तेवढी रडता रडता हसली.

तात्पर्य: आपल्या मरणाची तयारी खुशाल करून ठेवावी, पण आपला अबोला आधी सोडावा, तो आपल्यामागे दुसऱ्या कुणाला सोडता येत नाही.