उलटे आटे

हत्यारं आपल्या मर्जीने कामं करत, त्या काळी एका घरात डोंगर चढणारी जुनी सायकल होती. तिच्या पेडलचा आस खिळखिळा झाला, म्हणून नवा आणला होता. तो बसवायला पाना सरसावला.

"या बाजूचे माझे आटे उलटे आहेत रे. डावीकडे फिरव," सायकल म्हणाली.

"मावशी, आजवर हजार नट मी उजवीकडेच आवळलेत. तू गप्प बस."

पान्याने सगळा जोर लावला. "दुखतंय रे!" ती कळवळली, तरी तो थांबला नाही. कर्रकन आवाज झाला आणि आतले आटे कापले गेले. आता तिथे कुठलाच आस बसणार नव्हता.

पाना वरमला. "मला वाटलं, तू उगाच कुरकुरतेस."

"नाही रे," सायकल म्हणाली, "मला अजून डोंगर चढायचे होते."