वणव्याकडे पाठ

एकदा एक आचार्य भर चैत्रात घाट चढत होते, आणि त्यांच्यामागून चालणारा शिष्य मनातल्या मनात त्यांच्यावर रुसला होता. विद्या पुरी होत आली तरी पाणी भर, झाडलोट कर, यापलीकडचे काम आचार्य त्याला सांगत नसत. आपल्या हातून काही मोठे घडावे आणि ते चार लोकांनी पाहावे, असे त्याला फार वाटे. तरुण वयात असे वाटण्यात गैर काही नाही. मोठे काम कोणते, हे मात्र ओळखता यावे लागते.

खिंडीच्या तोंडाशी बिरू नावाच्या धनगराचे एकटेच घर होते. दोघे तेथे पाणी प्यायला थांबले. भिंती कुडाच्या, वर वाळल्या गवताचे छप्पर; पण अंगण पाहत राहावे असे होते. ऐसपैस, चोपून काढलेले, शेणाने सारवलेले, कुठे गवताची काडी दिसेल तर शपथ. आत बिरूची बायको नुकतीच बाळंत झालेली. पोराचे नाक कोणावर गेले आहे हे बिरू कौतुकाने सांगत होता, तेवढ्यात वारा फिरला आणि धुराचा वास आला.

समोरच्या उताराला वणवा लागला होता. वाळक्या गवतातून ज्वाळांची लांबच लांब ओळ वर चढत होती, आणि वारा तिला थेट घराकडे ढकलत होता.

"बायकोला उचलतो अन् खिंडीतनं पल्याड नेतो," बिरू म्हणाला.

"खिंडीत कमरेएवढे गवत आहे," आचार्य म्हणाले. "बाळंतिणीला घेऊन किती धावशील? आग वाटेतच गाठेल. आता हे घर वाचले, तरच तुम्ही तिघे वाचाल."

बिरूने हंडा उचलला आणि अंगणाच्या कडेकडे धाव घेतली. शिष्यही धोतर खोचून त्याच्यामागे निघाला. इतक्यात आचार्यांचा आवाज आला, "तिकडे नको. दोघेही घरामागे या."

घरामागे निराळाच देखावा होता. पेरणीआधी रोपांच्या जागेवर पसरून जाळायचा, राब भाजायचा, म्हणून हिवाळाभर गोळा केलेला वाळका पाला तेथे भिंतीला टेकवून पार वळचणीपर्यंत रचलेला होता. त्या डोंगरात सगळेच तसा रचतात. घराच्या आडोशाला पाला वाऱ्याने उडत नाही आणि आल्यागेल्याच्या नजरेसही पडत नाही.

"हा सगळा उपसा आणि पलीकडच्या नांगरलेल्या तुकड्यात नेऊन टाका," आचार्य म्हणाले.

"महाराज, आग म्होरनं येतीया!" बिरू ओरडला. "अन् तुम्ही मागला पाला काय उपसाय लावताय? आत माझं लेकरू हाय!"

"म्हणूनच सांगतो. अंगण आपले काम करील. तू तुझे कर."

बिरूला ते मुळीच पटले नाही. पण म्हातारे आचार्य स्वतःच पाल्याला कवळा घालून चालू लागले, तेव्हा त्याने मुकाट्याने दाताळे उचलले. शिष्य पाला वाहत होता आणि वाहता वाहता गुरुजींची बुद्धी या वयात चळली की काय, असा विचार करत होता. भीतीही वाटत होती. पलीकडून गवत तडतडण्याचा आवाज क्षणाक्षणाला जवळ येत होता.

शेवटची पाटी टाकून ते परतले तेव्हा अंगणापुढचे आभाळ काळवंडले होते. आचार्यांनी दोन घोंगड्या रांजणात बुडवून ओल्याकच्च केल्या. "बिरू, छपराचे पुढचे पाखे भिजव आणि तिथेच राहा," ते म्हणाले. मग शिष्याकडे वळले. "तू आढ्यावर बैस, मागच्या पाख्याकडे तोंड करून. वणव्याकडे पाठ. काही झाले तरी मागे वळून पाहू नकोस."

शिष्याच्या डोळ्यांत पाणीच आले. इथेही आपल्या वाट्याला मागची बाजू! तरी तो चढला आणि बसला.

पाठ भाजू लागली. डोक्यावरून काळी पाने भिरभिरत जात होती. खालून तान्ह्याचे रडणे आणि आईचे "गप रं माझ्या राजा" ऐकू येत होते. तेवढ्यात बिरू किंचाळला, "आली! आली!"

शिष्याने वळून पाहिले.

अंगणाच्या कडेला पुरुषभर उंचीच्या ज्वाळा उभ्या होत्या. भयंकर होत्या आणि तितक्याच देखण्याही. त्याची नजर तेथून हलेना. सारवलेल्या जमिनीशी येऊन त्या अडल्या. खायला काही मिळेना, तशा कडेकडेने सरकल्या, फुटल्या आणि दोन्ही अंगांनी पुढे निघून गेल्या. आनंदाने ओरडावे म्हणून शिष्याने तोंड उघडले, आणि भान येऊन पुन्हा मागे पाहिले.

मागच्या पाख्यावर, वळचणीपाशी, पंजाएवढी आग लागली होती. बरोबर तिच्याखाली बाळंतिणीची खाट होती.

तो घोंगडीसकट घसरत गेला आणि सगळ्या अंगाने त्या आगीवर पडला. पेटलेले गवत हातांनीच उपटून खाली फेकले. ते पडले ते पाला उपसलेल्या मोकळ्या मातीवर; थोडे धुमसले आणि विझले. थोड्या वेळापूर्वी तेथे काय होते, हे त्याला आठवले आणि तो पुन्हा आढ्यावर चढला.

वणवा खिंड ओलांडून गेल्यावर बिरू आचार्यांच्या पायाशी आला. "माझ्या अंगणानं वाचवलं, महाराज. औंदा दुप्पट रुंद करतो."

"अंगणाने आग थांबवली, हे खरे," आचार्य म्हणाले. "पण वारा तिच्या ठिणग्या छपरावरून नेऊन मागे टाकत होता. वणवा काही पाहुणा नव्हे, बिरू, की तो पुढच्या दाराने येईल. अंगण लोक पाहतात म्हणून आपण ते झाडतो. परसदारी कोणी फिरकत नाही म्हणून तेथे साठत जाते. त्यात समोर मोठी आग दिसली, की माणसाचे डोळे तिच्यावरच खिळतात, आणि मागच्या ठिणगीला तेवढी सवड पुरते."

शिष्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. ते न पाहणे शिष्याला फार लागले.

संध्याकाळी बिरूने अंगणात घोंगडे अंथरले, भाकरी आणि दूध आणून ठेवले आणि शिष्याला हाक मारली. शिष्य आढ्यावरच होता, पोळलेल्या हाताला ओले फडके गुंडाळून, मागच्या पाख्याकडे तोंड करून.

"तुम्ही जेवून घ्या," तो म्हणाला. "राख अजून उडते आहे. मी बसतो जरा."

आचार्य उठले. आपली भाकरी त्यांनी हातात घेतली, घराला वळसा घालून मागे गेले आणि मोकळ्या मातीवर बसून जेवू लागले.