ब्रिजआधीची सुपारी

मंडळी, एक विचारतो. 'काम ताबडतोब करून देतो' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवावा, की आधी तोटा सांगून मग कामाला हात घालणाऱ्यावर? आमच्या बाजारपेठेत याचं उत्तर मिळतं, पण बहुतेकांना ते ठेच लागल्यावर. म्हणून ही गोष्ट ऐका.

एकदा एक सुपारीचा व्यापारी एका वृद्ध दंतवैद्याकडे आला. सुपारी दाढेखाली धरायची, कडकन फोडायची आणि माल वाळलेला की ओला हे आवाजावरून सांगायचं, ही त्याची ख्याती. त्या ख्यातीपायीच डावीकडची खालची दाढ मोडली आणि काढावी लागली. आता उजवीकडेही कळा येऊ लागल्या होत्या. पारख गेली तर गिऱ्हाईक शेजारच्या पेढीवर जाणार, ही धास्ती. रिकाम्या जागेवर ब्रिज, म्हणजे शेजारच्या दोन दातांवर टेकलेला खोटा दात, बसवा आणि मला मोकळं करा, एवढंच त्याचं म्हणणं.

वृद्धाने तोंड तपासलं आणि दोन्ही बाजू मांडल्या. ब्रिज पक्का बसतो, रोज काढा-घालायची कटकट नाही, दोन-चार खेपांत काम होतं. चावता येतं, शेजारचे दात रिकाम्या जागेत कलंडत नाहीत. पण तो बसवायला दोन्ही शेजाऱ्यांना घासून बारीक करावं लागतं, आणि घासलेला दात पुन्हा वाढत नाही. ब्रिजखाली अन्न अडकतं, तिथे रोज दोरा फिरवावा लागतो. त्यातून एक आधार किडला, तर सगळाच ब्रिज उतरवायची वेळ येते.

"सगळं मंजूर," व्यापारी म्हणाला.

तेव्हा वृद्धाने खणातून एक सुपारी काढून त्याच्या हातावर ठेवली. व्यापाऱ्याने सवयीने ती तोंडात टाकली, उजव्या दाढेखाली दाबली, परत काढली आणि म्हणाला, "खणखणीत वाळलेली आहे."

वृद्धाने हातमोजे उतरवले. "शेठ, आज काम व्हायचं नाही. माल अडकित्त्याने पारखायला लागा, मग या."

व्यापारी तणतणत निघून गेला, तो छत्री विसरून.

वृद्धाच्या हाताखाली शिकणारा शिष्य हे सगळं बघत होता, त्याला राहवेना. चौकातला नवा दवाखाना आठवड्यात ब्रिज बसवून देतो, हे गिऱ्हाईक तिकडेच जाणार, असं तो बोलून गेला. तोंडात काही दोष होता का, असंही त्याने विचारलं.

"तोंड ब्रिजला योग्यच आहे," वृद्ध म्हणाला. "त्या जागेच्या दोन्ही शेजारच्या दाढा आधीच निम्म्या भरलेल्या आहेत, उद्या त्यांना कॅप लागणारच होती. म्हणून घासण्याचा तोटा इथे थोडा. त्या निर्दोष असत्या, तर मी आधी हाडात रोवायच्या दाताचा विचार केला असता. पण बाळा, ब्रिज म्हणजे दोघांनी तिघांचं ओझं उचलणं. त्यांनी कबूल केलंय ते जेवणाचं ओझं. सुपारी फोडणं त्या करारात नाही. आज बसवला तर एकीच्या जागी तीन दाढा जातील, आणि तो गावभर सांगेल की ब्रिज वाईट."

एवढं बोलून त्याने आतून अडकित्ता मागवला आणि तीच सुपारी कापली. तेवढ्यात व्यापारी छत्रीसाठी परत आला. मेजावरची दोन भकलं पाहताच त्याची नजर तिथेच खिळली.

"ओली आहे," तो म्हणाला. "आतून पार ओली. कुणी विकली हो ही?"

"तुमच्याच पेढीवरची. काल पूजेला आणली. आणि मघाशी तुम्हीच पास केलीत."

व्यापारी खुर्चीत बसला. एक भकल हातात घेऊन म्हणाला, "दुखतं म्हणून हल्ली जोर लावत नाही, डॉक्टर. नुसती दाबतो आणि अंदाजाने सांगतो." मग त्याने अडकित्ता उचलला, बोटांत चालवून पाहिला. "महिनाभर याच्यावर बघतो. मग घासा काय घासायचं ते."

शिष्याने न विचारताच महिन्यानंतरची वेळ लिहून घेतली.

तेव्हा मंडळी, दाढेचा असो वा दुकानाचा, हिशोब मांडताना जमेसमोर नावेची बाजूही खरी लिहा. आणि तिथे आपली सवय लिहायची राहू देऊ नका, एवढीच विनंती.