वाकडे टाके

डोंगराच्या पायथ्याशी, थंडी जरा लवकरच उतरते अशा एका गावात, गोधड्या शिवणारी एक बाई राहत होती. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं. तिच्या हातचा टाका इतका सारखा पडायचा की बघणाऱ्यानं बघतच राहावं.

मावशीचा स्वभाव मात्र जरा शिकवायचा. कुणाच्या अंगणात गोधडी अंथरलेली दिसली की हिचे पाय तिकडे वळलेच म्हणून समजा. “अगं, दोरा हातभरच घ्यावा, लांब घेतला की गुंततो. नवं लाल कापड आधी मिठाच्या पाण्यात भिजवलंस का? नाहीतर रंग सगळीकडे लागेल. आणि थर आधी कच्च्या टाक्यांनी धरून घे, मग कडेकडेनं शिवत मध्याकडे ये, म्हणजे चुण्या पडत नाहीत.” सांगायची ते सगळं खरंच असायचं. बायका कंटाळायच्या, पण त्यामुळेच ऐकायच्या.

एक दिवस शेजारच्या वाडीतली एक मुलगी तिच्याकडे आली. पोटुशी होती, सातवा लागला होता. काखेतलं गाठोडं सोडून तिनं एक अर्धवट गोधडी पुढे ठेवली.

“मावशी, मला दिवस गेल्याचं कळलं आणि आईनं ही शिवायला घेतली. अर्धी झाली आणि आई गेली. तेवढी पुरी करून द्याल का? बाळाला हीच पांघरायचीय.”

मावशीचे डोळे पाणावले. तिनं मुलीच्या पाठीवरून हात फिरवला. “काही काळजी करू नकोस पोरी. अशी करून देते की तुझ्या आईलासुद्धा बरं वाटेल.”

मुलगी गेल्यावर मावशीनं गोधडी उजेडात धरली आणि तिचा चेहराच उतरला. टाके कुठे बोटभर लांब, कुठे एकमेकांवर चढलेले. ओळ सरळ निघून मध्येच खाली घसरलेली. गाठी आत लपवायच्या, त्या सगळ्या वर.

“बाई गं, काय हे शिवण!” ती म्हणाली आणि तिनं कात्री घेतली.

तिचा नवरा ओट्यावर बसला होता. तो म्हणाला, “अगं, उसवण्याआधी पोरीला एकदा विचारून तरी घे.”

“त्यात काय विचारायचं? तुम्हाला टाक्यातलं काय कळतं हो?”

मावशीनं एक एक टाका उसवला, निघालेला दोरा चुलीत घातला आणि पुन्हा पहिल्यापासून शिवायला घेतलं. वीस दिवस ती त्या गोधडीवर खपली. इतकं सुबक काम तिच्या हातून आजवर झालं नव्हतं. मोबदल्याचा तर तिच्या मनात विचारही नव्हता.

मुलगी न्यायला आली. मावशीनं हौसेनं गोधडी अंथरली. मुलगी खाली बसली आणि कडेवरून बोटं फिरवू लागली. एक कड झाली, दुसरी झाली. मग तिनं गोधडी उलटून पाहिली.

“मावशी, आईचे टाके कुठं आहेत?”

“ते... वाकडे होते गं फार. उसवून नीट घातले सगळे.”

मुलीनं गोधडी पुन्हा सुलटी केली. मग हळूच म्हणाली, “शेवटी शेवटी आईचा हात थरथरायचा. मी सुई ओवून द्यायचे आणि ती शिवायची. लांब टाके पडले ना, त्या दिवशी तिला ताप होता. मला सगळं ठाऊक होतं, कुठला टाका कधीचा ते.”

मावशीनं लगेच कात्री हातात घेतली. “मी उसवते परत. तू सांग, जसे होते तसेच घालून देते.”

“तुम्ही वाकडे घातलेत तरी ते तुमचेच की हो, मावशी.”

मुलीनं गोधडीची घडी केली. जाताना दारात थांबून म्हणाली, “छान झालीय हं.” मनापासून म्हणाली, आणि मावशीला तेच सहन झालं नाही. ती चुलीपाशी जाऊन बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. नवरा जवळ येऊन बसला, पण ‘मी म्हटलं होतं’ असं एका शब्दानं बोलला नाही.

पुढे मुलीला मुलगी झाली. त्या हिवाळ्यात थंडी कडाक्याची पडली, पण बाळ गोधडीत उबेला निजलं. एकही टाका निघाला नाही, कुठे चुणी पडली नाही. फक्त “ही तुझ्या आजीनं शिवलीय” एवढं त्या आईला आपल्या लेकीला कधी सांगता आलं नाही.

तात्पर्य: दुसऱ्याची वस्तू सुधारायला घेण्याआधी, त्यातलं काय तसंच ठेवायचं आहे, हे त्याला विचारावं. आपल्याला दिसणारी चूक ही कुणाकडे उरलेली शेवटची आठवण असू शकते.