बद्द वाजणारा पंख

माळाच्या कडेला वसलेल्या एका गावात केरबा मिस्त्री नावाचा कारागीर राहत होता. उभा जन्म त्याने बसगाड्यांना फायबरचे टप चढवण्यात घालवला. हात असा सफाईचा, की टप गळतो म्हणून कधी कुणी तक्रार घेऊन आलं नाही. पण माणूस भारी संशयी! तरुणपणी एका भागीदाराने त्याचे साचे पळवले होते. तेव्हापासून केरबाने कानाला खडा लावला, आणि तो इतका घट्ट लावला की पुढे कुणाचं चांगलं बोलणंही त्या कानात शिरेना.

म्हातारपणी त्याच्या मनाने घेतलं, की आपण स्वतःचं विमान बांधायचं. दोन माणसं बसतील एवढं. शहरात जाऊन तो विमान चालवायलाही शिकून आला. गाव हसलं. बायको आनसाबाई मात्र हसली नाही. "मला बसवणार असाल तर बांधा," म्हणाली, आणि कात्री घेऊन पंखांसाठी लागणारं काचेच्या धाग्यांचं कापड कापायला बसली. केरबाने तिला शब्द दिला: पहिली फेरी माझी एकट्याची, दुसऱ्या फेरीला मागच्या बैठकीवर तू.

परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये काम सुरू झालं. फोमला पंखाचा आकार द्यायचा, त्यावर काचेचं कापड अंथरायचं आणि त्यात रेझिन, म्हणजे डिंकासारखं चिकट रसायन, जिरवायचं. कापडाने फोम घट्ट धरला तर पंख मोडता मोडत नाही. मध्ये पोकळी राहिली तर वरून सगळं गुळगुळीत आणि आतून दगा. शिवाय रेझिनमध्ये हार्डनर पडला की वीस मिनिटांत हातावेगळं करावं लागतं, मग ते आळत जातं.

एकट्याने हे होण्यासारखं नव्हतं. म्हणून केरबाने शेजारच्या म्हादबा कुंभाराला हाक मारली. दोघे पाटीवर अक्षरं गिरवल्यापासूनचे जोडीदार. म्हादबाचा हात मडक्यांवर फिरलेला. कापडाखालचा बुडबुडा त्याच्या बोटांना डोळे मिटूनही सापडायचा. मोबदला काही मागायचा नाही, कपभर चहावर खूश. झालं, केरबाला त्यातच काळंबेरं दिसलं!

"फुकट राबतोय म्हणजे ह्याच्या पोटात काहीतरी शिजतंय," तो आनसाबाईला म्हणायचा.

त्याने शेडला भलंथोरलं कुलूप आणलं. पितळी चावी सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली. ती आहे ना, म्हणून घटकाघटकेला खिसा चाचपायचा. कधी बाहेर काढून बघायचा, पुन्हा ठेवायचा.

एके दिवशी डाव्या पंखाच्या मुळाशी असलेली खाच भरायची होती. पंख विमानाच्या अंगाला जोडतात ती हीच जागा, सगळा भार तिथेच यायचा. म्हादबाने खाच घासून दिली आणि तो हात धुवायला बाहेर गेला. केरबाने रेझिनमध्ये पांढरी पूड कालवून लापशी केली आणि खाचेत वाकून वाकून थापली. वर कापड टाकणार, तेवढ्यात सवयीने हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा!

मग काय विचारता! केरबाने डबे उपडे केले, खोकी झटकली, सगळी शेड उलथीपालथी केली. म्हादबा ओल्या हातांनी परत आला, तो केरबा दारातच आडवा.

"टाक चावी."

"कसली चावी?"

"खिसे उलटे कर."

म्हादबाने मुकाट्याने बंडीचे दोन्ही खिसे उलटे केले. एकातून तंबाखूची डबी पडली, दुसऱ्यातून काहीच नाही.

"तुला लपवायला काय, जागा कमी हायेत व्हय?" केरबा म्हणाला.

म्हादबाने डबी उचलली आणि निघून गेला. त्या दिवसापासून त्याने शेडची पायरी चढली नाही. साठ वर्षांचा जोडीदार एका चावीपायी गेला, आणि केरबाला त्याचं दुःख व्हायच्या ऐवजी नव्या कुलपाची घाई झाली.

इकडे रेझिन आळायला लागलं होतं. ते टाकून नवं कालवायला हवं होतं, आणि इतक्या वर्षांच्या कारागिराला हे कळत नव्हतं थोडंच! पण जीव कुलपात अडकलेला. एक डोळा दाराकडे ठेवून त्याने तेच रेझिन कापडावर ओढलं, वरून दाबल्यासारखं केलं आणि दुकानाकडे धावला. पुढे त्यावर पुटी बसली, रंग बसला. पंख झकास दिसायला लागला.

दीड वर्षाने विमान पुरं झालं. पुढच्या सोमवारी तपासणीचे साहेब यायचे होते. त्यांनी होकार दिला की माळावरून उड्डाण. त्याआधी केरबाने पूजा घातली. सगळं गाव बघायला लोटलं. म्हादबाही आला आणि सगळ्यांच्या मागे उभा राहिला. आनसाबाईनेच त्याला "या भावजी" म्हणून पुढे बोलावलं.

कुंभाराची खोड कुठे जाते! मडकं घेताना वाजवून बघतात, तसा तो पंखावर बोटाचं पेर मारत मारत चालला. टण, टण, टण. मुळापाशी आला आणि थांबला. पुन्हा वाजवलं.

"केरबा, हितं बद्द वाजतंय रं."

केरबाच्या अंगाचा तिळपापड झाला. "चावी पचली, आता पंखावर डोळा काय? माझ्याच हातानं फोडायला लावतोस? चालता हो!"

म्हादबा वळला. जाता जाता आनसाबाईला एवढंच म्हणाला, "वहिनी, ह्यात बसू नका. आणि जमलं तर त्यालाही बसू देऊ नका."

आता बघा, बोटं केरबालाही होती. एकदा वाजवून बघायला काय जात होतं? पण आपल्या कामावरही संशय घ्यायचा असतो, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नाही. होता नव्हता तेवढा संशय त्याने लोकांवर खर्चून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी केरबा जेवून शेडमध्ये आला, तर पंखाच्या मुळाशी गेरूने काढलेलं गोल कडं!

"करणी!" केरबा ओरडला. त्याने कडं पुसलं, कुलूप बदललं आणि शेडमध्येच खाट टाकली. फक्त जेवायला तेवढा घरात जायचा. तिसऱ्या दिवशी जेवून आला, तर कडं पुन्हा तिथंच. म्हादबाकडे फार तर जुनी चावी असणार, नव्या कुलपाची कुठून आली? म्हणजे दुकानदार सामील. सरपंचही सामील. पूजेला आलेला भटजी उगाच का पंखाकडे बघत होता!

चौथ्या दिवशी त्याने चुलीतली राख चाळून शेडभर पसरली आणि जेवायला गेला. परत आला तर राखेत पावलं उमटलेली. अनवाणी, लहान, आणि अंगठ्याशेजारच्या बोटापाशी जोडव्याची खूण.

बाईमाणूस! केरबाने गावातली एकेक बाई मनासमोर उभी केली. कुणाच्या नवऱ्याशी आपलं कधी वाजलं होतं ते आठवलं. अशी सत्तर-ऐंशी घरं फिरून झाल्यावर त्याची नजर दाराकडे गेली. दारात आनसाबाई उभी होती. पावलं राखेने माखलेली. ती झटकायचीही तिने तसदी घेतली नव्हती.

"तू? आणि चावी?"

"सदरा खुंटीला अडकवून जेवायला बसता की."

"अगं, मग तोंडानं सांगायचंस!"

"सांगणाऱ्याचं काय होतं ते बघितलंय मी," आनसाबाई म्हणाली. "तुमच्या दारात खरं बोलणारा चोर ठरतो. भावजींना त्यांचं घर तरी होतं. मी चोर ठरले तर जाऊ कुठं?"



"वाजवा," ती म्हणाली. "माझ्यादेखत वाजवा."

त्याने पेर मारलं. टण. आणखी पुढे, टण. कड्याच्या आत, बद्द. पुन्हा मारलं. बद्दच.

केरबाने करवत घेतली आणि गेरूच्या रेघेवरून पंख कापला. कापड सालासारखं निघून हातात आलं. आतून कोरडं, पांढरं. चिकटलंच नव्हतं कधी. खाली लापशीचा गड्डा, आणि गड्ड्यात काहीतरी पिवळं चमकत होतं. त्याने पेचकसाने टोकरून काढलं. पितळेची चावी.

 आपण काय केलं ते केरबाला एका क्षणात कळलं, आणि म्हातारा हमसून हमसून रडला.

तसाच तो म्हादबाच्या अंगणात गेला. म्हादबा चाकावर बसला होता. केरबाने मूठ उघडून त्याच्यापुढे धरली.

"कुठं होती?"

"माझ्याच पंखात."

म्हादबाने चाक थांबवलं. "साहेबानं होकार दिला असता, तर तू चावीसकट वर गेला असतास. आणि मी हितं खाली मरेपर्यंत चोरच राहिलो असतो."

"म्हादबा, मला माफ कर."

"माफीचं मागनं बघू. रेझिन किती उरलंय ते आधी सांग."

साहेबांना नंतर या म्हणून निरोप गेला. दोघांनी मिळून पंखाचं मूळ नव्याने भरलं. मग केरबाने गावादेखत सगळं विमान शेपटापर्यंत वाजवलं, आधी आपल्या हातचं, मग इतरांच्या. म्हादबा डोळे मिटून ऐकत होता. त्यानंतरच साहेबांना बोलावलं, आणि साहेबांनी होकार दिला.

पहिली फेरी केरबाने एकट्याने मारली. दुसऱ्या फेरीला आनसाबाई पदर खोचून पुढे आली. चढण्याआधी तिने पंखाच्या मुळाशी बोटाचं पेर मारलं. केरबा बाजूला सरकून उभा राहिला. टण वाजलं, तेव्हाच ती बसली.

तात्पर्य: संशय घ्यायचाच तर पहिल्यांदा आपल्या हातच्या कामावर घ्यावा. जो फक्त माणसांवर संशय घेतो, त्याला आपली पोकळी दिसत नाही, आणि ती दाखवणारंही कुणी जवळ उरत नाही.