दवाचे साक्षीदार

एकदा एका हळदीच्या व्यापाऱ्याची झोप उडाली. वर्षभराची हळद शिजवून तयार होती आणि ती वाळवायला त्याने खिंडीपलीकडचे मैदान ठरवले होते. तिथे दव पडत असेल, तर सारा माल बुरशीने काळा पडणार. तो टेकडीवरच्या आश्रमात वृद्ध आचार्यांकडे धावला.

आचार्यांनी शिष्याला कापसाचे दहा पुंजके दिले. "रात्री हे ठिकठिकाणी ठेव. कुठे किती दव पडते ते सकाळी कळेल."

माघाची थंडी कडक. शिष्याने धावतपळत एक पुंजका खिंडीपलीकडे मैदानाच्या वाटेवर ठेवला आणि उरलेले नऊ आश्रमाच्या अंगणात मांडून तो पांघरुणात शिरला. त्यांतला एक तर चक्क ओसरीवर होता!

"शेठजी, खुशाल पसरा हळद," सकाळी तो ऐटीत म्हणाला. "नऊ कोरडे, ओला तो खिंडीपलीकडचा एकच!"

आचार्यांनी अंगणातले नऊही पुंजके एकत्र पिंजले, मांडीवर त्यांची एक जाडजूड वात वळली आणि समईत ठेवली. शिष्य बघतच राहिला. सगळी मेहनत दिव्यात गेली की!

"आता साक्षीदार किती उरले?"

"दोन," शिष्य चाचरत म्हणाला.

"आधीही दोनच होते, बाळ. एका अंगणातले नऊ जण एकच बातमी सांगतात, त्यांचे मत एकच धरावे. मैदान ज्याच्या जवळ, त्याचे म्हणणे आधी ऐकावे. आणि एका रात्रीवरून महिन्याचा निवाडा कसा करशील? कालची रात्र आजच्या रात्रीची सख्खी बहीण, पण पंधरवड्यानंतरच्या रात्रीची दूरची नातेवाईक."

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. "म्हणजे मैदान सोडून देऊ?"

"सोडू नका. अजून त्याला कोणी नीट विचारलेलेच नाही."

शिष्य खजील झाला. घोंगडी घेऊन तो स्वतः खिंडीपलीकडे मुक्कामाला गेला. मैदानातल्या ओढ्यापासून वरच्या चढापर्यंत अंतराअंतराने पुंजके मांडत त्याने बऱ्याच रात्री काढल्या. ओढ्याकाठचे रोज चिंब, चढावरचे रोज कोरडे. हळूहळू जिथे पुंजका नव्हता, अशा मधल्या जागांचाही अंदाज त्याला बांधता येऊ लागला. व्यापाऱ्याने हळद चढावर पसरली आणि ती खणखणीत वाळली.

त्याने आनंदाने आश्रमाला हळद पाठवली. त्या दिवशी आमटी भुरकत शिष्य म्हणाला, "गुरुजी, अशी आमटी पंचक्रोशीत होत नसेल. आम्ही सगळेच तसे म्हणतोय!"

"सगळे जेवलात कुठे?"

"इथेच, एका पंक्तीत..." शिष्य थबकला आणि खो खो हसत सुटला. मग आमटीचे पातेले उचलून तो खिंडीपलीकडच्या वस्तीकडे निघाला.