चिमूटभर साखर

एकदा एक फार संशयी शिष्य होता. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचा. तेवढं तर आपणही करतो, पण हा जिना उतरून पुन्हा वर यायचा.

तो एका रक्तपेढीत प्रोग्रॅमर होता. शेजारच्या शहरातल्या रक्तपेढीत खारकर नावाचा प्रोग्रॅमर होता. दोघांचे प्लॅटफॉर्म, म्हणजे संगणकाच्या यंत्रणा, वेगळे. मधे एक वेब सर्व्हिस, म्हणजे एकानं विचारलं की दुसऱ्याकडून रक्तदात्याची माहिती यायची.

एक दिवस शिष्य तणतणत आपल्या संगणकाच्या निवृत्त शिक्षिकेकडे आला. बायकोनं दिलेला अळूवड्यांचा डबा टेबलावर आपटून म्हणाला, "बाई, खारकर खोटे रक्तदाते घुसडतोय! त्रेचाळीस जणांनी शेवटचं रक्त कधी दिलं? तर एक जानेवारी, सन एक! त्यातली एक मुलगी वीस वर्षांची आहे."

"तब्येत छान राखलीय," बाई म्हणाल्या.

"चेष्टा नको. तक्रारीचं पत्र तयार आहे. संध्याकाळी ते गेलं की खारकरची नोकरी गेली."

बाईंनी वड्या काढून घेतल्या, एक तोंडात टाकली. डबा धुतला, पुसला, परत दिला. शिष्यानं सवयीनं झाकण उघडून पाहिलं. आत चिमूटभर साखर!

"हे काय? वड्या तिखट झाल्या का? सरळ सांगा ना, टोमणे कशाला?"

"अरे, वड्या फक्कड आहेत. पण माझ्या घरून कुणाचा डबा रिकामा जात नाही. साखर बघून तुझी बायको काय समजेल? बाईंनी जेवण पाठवलं?"

"छे! डबा परत आला, एवढंच."

"मग खारकरच्या यंत्राचीही तीच रीत असेल तर? तारीख नसली की तुझं यंत्र जागा कोरी सोडतं. त्याच्याकडे तारखेचा डबा रिकामा ठेवायची सोयच नसेल, तर ते स्वतःच्या कॅलेंडरातली सगळ्यात पहिली तारीख आत ठेवून देतं. ती त्याची साखर. तू तिला जेवण समजून त्याला खोटं ठरवलंस. फोन लाव त्याला."

शिष्यानं नाइलाजानं फोन लावला.

"ते त्रेचाळीस ना? नुसती नावं नोंदवून गेलेत हो, रक्त कुठे दिलंय अजून!" खारकर म्हणाला. मग जरा घुटमळून, "आणि तुमच्याकडून काहींच्या तारखा कोऱ्याच येतात, त्या का? मला वाटलं, तुम्ही काहीतरी लपवताय. पत्र लिहायलाच बसलो होतो."

शिष्याचे कान तापले. "राहू द्या ते पत्र," तो म्हणाला. "माझंही राहू दे. कोऱ्या जागेला दोघांनी काय म्हणायचं, ते उद्या बसून ठरवू."

बाईंनी झाकण लावून डबा त्याच्या हातात दिला. घट्ट बसलंय का, हे त्यानं ओढून पाहिलं नाही.